एकशे चाळीस पावलांची हद्द

बाळांनो, जरा डोळे मिटा. घाई करू नका. दारातलं तापलेलं अंगण विसरा, उन्हाची तिरीप विसरा, आणि मनात एक ओली, राखाडी, गारठलेली सकाळ आणा. दिसते का? नाही दिसली तर थोडं थांबा. ती सकाळही सावकाशच येणारी आहे.

ही दरी दूर इंग्लंडातली आहे. महिना मार्च. दरीच्या तळाशी धुकं असं पसरलेलं, जणू कुणी दुधाचं पातेलं कलंडून ठेवलं आहे. त्या धुक्यातून आधी चर्चचा बुटका मनोरा वर येतो, मग धुरांडी, मग गवताने शाकारलेली चाळीस-पन्नास छपरं. या गावाचं नाव एल्डरकोम.

आपला वसंत पळसाच्या ज्वाळा पेटवत येतो. तिथला वसंत पांढरा येतो, आणि दबकत येतो. बर्फ पुरतं वितळलेलं नसताना मातीतून स्नोड्रॉपची फुलं माना खाली घालून उगवतात, जणू लवकर आल्याबद्दल माफी मागत आहेत. हेझलच्या झुडपांना पिवळे झुबके लटकतात. उंच, उघड्या, काळ्या फांद्यांवर रूक नावाचे कावळे काटक्यांसाठी भांडतात. आणि मग एके दिवशी ब्लॅकथॉर्न फुलतं.

हे झुडूप काळं, कुबडं, काटेरी. त्याला पानं नंतर येतात, फुलं आधी. वारा बोचरा असतो, रात्री दंव पडतं, सगळी शहाणी झाडं मिटून बसलेली असतात, आणि हे हट्टी झुडूप काट्याकाट्यावर शुभ्र फुलं घेऊन उभं राहतं. थंडीच्या तोंडावर, थंडीला न विचारता.

एल्डरकोमची माणसं त्या झुडपाच्या जातीची होती.

दर सात वर्षांनी, ब्लॅकथॉर्न फुलल्यानंतरच्या रविवारी, सगळं गाव आपल्या हद्दीवरून चालत असे. पुढे पाद्रीबाबा, मागे म्हातारे, मग बायाबापड्या, आणि सर्वांच्या पायांत घोटाळणारी मुलं. प्रत्येकाच्या हातात साल सोललेली, ओल्या हाडासारखी पांढरी विलो झाडाची काठी. हद्दीवर सात दगड होते. दगड आला की सगळ्यांनी त्यावर काठ्या आपटायच्या. मग एका मुलाला धरून उलटं करायचं, पाय आभाळाकडे, डोकं जमिनीकडे, आणि त्याची टाळू त्या दगडावर तीनदा टेकवायची. लागेल इतकी नाही. विसरणार नाही इतकी. आणि मग त्याला मनुके घातलेला एक गोड पाव द्यायचा.

गावाच्या हद्दीचा नकाशा असा मुलांच्या टाळूवर काढलेला होता. कागद कुजतो, शाई उडते, पण नवव्या वर्षी उलटं लटकून पाहिलेलं आभाळ माणूस नव्वदीतही विसरत नाही.

मुलींना मात्र कुणी उलटं करत नसे. मुलींनी पावांची टोपली उचलायची.

आता या चालण्याचा एकच नियम होता, आणि तो पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होता. वळायचं नाही. काटे आले तर काट्यांतून. चिखल आला तर चिखलातून. हद्दीवर कुणी गोठा बांधला असेल तर गोठ्यातून, गाईंची क्षमा मागून. कारण जिथून पाय वळला, तिथून हद्द वळली.

आणि सात वर्षांपूर्वी पाय वळला होता.

त्या रविवारी पाऊस लागला होता. चौथ्या दगडापुढे गुडघाभर चिखल होता. पाद्रीबाबांचे बूट नवे होते. "पाचवा दगड काय पळून जातो आहे?" असं कुणीतरी म्हणालं, सगळे हसले, तिथल्याच एका विलोवर काठ्या आपटल्या, आडोशाला पाव खाल्ले, आणि ओलीचिंब माणसं शेकोटीच्या ओढीने घरी गेली. इतकीशी चूक. एका पावसाची, एका जोडी बुटांची.

पाचवा दगड पळून गेला.

झालं असं. चौथ्या दगडापलीकडची जुनी गिरणी मिस्टर थॉर्नबी नावाच्या गृहस्थांनी विकत घेतली. शहरातले होते, वागायला सभ्य, बोलायला गुळगुळीत, हातमोजे कधी न मळलेले. त्यांनी गिरणीचं घर केलं. मग घराला एक लांबरुंद जेवणघर जोडलं, जमिनीपर्यंत उतरणाऱ्या काचेच्या खिडक्यांचं. त्यासाठी जुनी कुंपणझाडी तोडली, सफरचंदाचं वाकडं झाड पाडलं, उंचवटा सपाट केला. पाव ठेवल्यासारखा गवतात बुडालेला एक छोटासा दगड त्या गडबडीत कुठे गेला, ते कुणी सांगितलं नाही. आणि घरामागचं कुरण, झऱ्याकाठचं, दरीत सर्वांत आधी हिरवं होणारं, गावाच्या गुरांनी पिढ्यान्‌पिढ्या चरलेलं कुरण, त्याला त्यांनी तारेचं कुंपण घातलं.

त्या कुंपणाबाहेर एक मेंढी उभी असे. दिवसभर, तारेला नाक लावून.

तिचं नाव डचेस. मालकीण टॅम्सिन, वय वर्षे नऊ, गुडघे कायम खरचटलेले. तिचे वडील एबेल लोकांची कुंपणझाडी विणून देत. स्वतःची म्हणावी अशी वीतभर जमीन त्यांच्याकडे नव्हती. होतं ते गावाचं कुरण, आणि ही एक मेंढी. डचेसच्या पोटात कोकरू होतं. घरातलं वाळकं गवत संपत आलं होतं.

"बघ टॅमी," एबेल एका संध्याकाळी चाकूला धार लावता लावता म्हणाले. मान वर न करता म्हणाले. "रविवारी हद्द चालूनही कुरण उघडलं नाही, तर पुढच्या शनिवारी तिला बाजारात न्यावी लागेल. गाभण मेंढी उपाशी ठेवणं पाप आहे."

"आणि उघडलं तर?"

"तर नाही न्यावी लागणार."

चाकू दगडावर फिरत राहिला.  टॅम्सिन डचेसच्या लोकरीत दोन्ही हात खुपसून बसली. तिथे उबेच्या आत, कातड्याच्या आत, दुसरं काहीतरी इवलं, हट्टी, लाथा मारत होतं.

गावाने थॉर्नबीसाहेबांशी बोलून पाहिलं होतं. चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांदेखत.

"हद्द आहे तर दगड हवा," ते हसून म्हणाले. "कुठे आहे दगड?"

"तुमच्या घराखाली. तिथेच कुठेतरी."

"कुठेतरी हे काही ठिकाण नव्हे." त्यांनी हातमोज्याची बोटं एकेक करून नीट बसवली. "जागा नेमकी दाखवा. मी कुंपण काढतो. पाद्रीबाबांसमोर शब्द देतो."

शब्द द्यायला त्यांना काही जड गेलं नाही. पाचव्या दगडावर टाळू टेकलेली माणसं आता उरली होती किती? एक कॅनडात होता. दोघे मनोऱ्याच्या सावलीत, गवताखाली निजलेले. चौथा सायलस, आणि सायलस आता थॉर्नबीसाहेबांच्या बागेत माळी होता. त्याला विचारलं की तो टोपी हातात फिरवत राही. "उंचवटा गेला, झाड गेलं," तो म्हणे. "मला नाही सांगता येत." त्याच्या घरी तीन लेकरं होती. लोकांनी त्याला फार छळलं नाही.

आणि रविवार आला. काट्याकाट्यावर पांढरा उजेड घेऊन आला.

पहिला दगड, दुसरा दगड. काठ्यांचा खडखडाट दरीभर घुमला. तिसऱ्यावर बेकरचा धाकटा उलटा होता होता शिंकला, आणि दोनशे माणसं हसली. पावांची टोपली टॅम्सिनच्या कमरेवर होती. तिच्या पाठोपाठ पोरांची एक रांग होती, आणि त्या रांगेतले हात काही स्वस्थ नव्हते.

चौथा दगड आला, आणि हसू थांबलं.

पुढे हिरवळ होती, कात्रीने कापल्यासारखी. हिरवळीच्या पलीकडे ते जेवणघर, काचांत सगळं आभाळ भरून घेऊन बसलेलं. आत टेबलाशी थॉर्नबीसाहेब एकटेच दुपारचं जेवत होते. कुणाकडे न पाहता. खिडकीबाहेर सायलस उभा होता, हातात दाताळं, डोळे जमिनीत.

पाद्रीबाबा खाकरले. "मित्रहो, असं करू या का, घराला वळसा घालू. वीस-पंचवीस पावलांचा तर फरक..."

"बूट नवे आहेत वाटतं या वर्षीही," मागून आवाज आला.

तो आवाज केझाया आजीचा. वय एकोणऐंशी, पाठ ब्लॅकथॉर्नसारखी वाकलेली, जीभ त्याच झुडपाच्या काट्यासारखी. पाद्रीबाबांचे कान लाल झाले.

"आजी, जागा ठाऊक कुणाला आहे?"

"मला आहे."

"तुम्हाला? तुमचं डोकं कधी..."

"माझं डोकं नाही. माझा हात." म्हातारीने आपला डावा दंड उजव्या हाताने धरला, जणू तो अजून दुखत होता. "नऊ वर्षांची होते मी. टोपली माझ्याकडे होती. इथून पुढे चढ होता आणि हात गळून चालला होता. म्हणून मोजत गेले. म्हटलं, अजून दहा मोजू, मग ठेवू खाली. मग अजून दहा. या दगडापासून त्या दगडापर्यंत एकशे चाळीस पावलं. मनोरा पाठीशी, टेकडीवरचं ते एकटं झाड नाकासमोर."

"सत्तर वर्षं झाली त्याला!"

"मग? दुखणं विसरतं का कुणी?"

"गावाची हद्द," कुणीतरी हसलं, "पोरीच्या पावलांनी मोजायची?"

"तुमच्या बापजाद्यांच्या टाळक्यांनी मोजली, तिचं काय झालं ते बघताय ना समोर," आजी म्हणाली. मग ती टॅम्सिनकडे वळली. "माझी पावलं आता आखडली गं. पण तू नऊ वर्षांची आहेस, आणि उंचीला अगदी तेव्हाच्या माझ्याएवढी. तुझं पाऊल पडेल तिथे माझं पडेल. चल. टोपली घट्ट धर."

टॅम्सिनने टोपली पुढे केली. तिचा चेहरा पडला होता. टोपलीत मनुक्यांचे चार दाणे होते आणि चुरा.

सगळ्या पोरांनी एकदम आभाळाकडे पाहिलं. बेकरच्या धाकट्याच्या ओठाला साखर लागली होती.

"रिकामी टोपली चालायची नाही," आजी हळू म्हणाली. "हलक्या हाताचं पाऊल लांब पडतं. वजन तेवढंच हवं."

आणि मग, बाळांनो, त्या हिरवळीच्या कडेला एक गोष्ट घडली. एबेल पुढे आले. त्यांनी कमरेचा चाकू काढला आणि टोपलीत ठेवला. लोहाराने खिशातला घोड्याचा नाल ठेवला. एका बाईने प्रार्थनेचं पुस्तक ठेवलं, दुसरीने बाळाची चांदीची वाटी. कुणी गारगोटी ठेवली, कुणी कुलूप, कुणी तंबाखूची डबी. बेकरच्या धाकट्याने आपला एक बूट काढून ठेवला आणि एका पायावर उभा राहिला. माणूस माणसामागून येत गेलं, वाकत गेलं, काही ना काही देत गेलं. केझाया आजी दर वेळी टोपलीखाली हात घालून पाही. "अजून." पुन्हा पाही. "अजून थोडं." शेवटी पाद्रीबाबांनी चर्चची जाडजूड नोंदवही काखेतून काढली, क्षणभर धरली, आणि सगळ्यांच्या वर ठेवली.

आजीने हात घातला. डोळे मिटले. दुपारच्या उन्हात तिचा चेहरा नऊ वर्षांचा झाला.

"आता," ती म्हणाली.

मनोरा पाठीशी. झाड नाकासमोर. टॅम्सिन निघाली.

एक, दोन, तीन. गवतावर तिच्या बुटांचे ओले ठसे उठत गेले. वर, खूप वर, चंडोल गात होता, एखादा झरा उलटा आभाळात चढावा तसा. वीस. तीस. पहिल्या तिसात टोपली नुसती टोपली होती. पन्नासाव्या पावलाला ती गोणी झाली. सत्तराव्याला दगड. नव्वदाव्या पावलाला तिच्यात सगळं गाव बसलं होतं, त्याची भांडी, त्याची कुलपं, त्याची बाळं, त्याची मेलेली माणसं. दंडातून एक तापलेली तार खांद्यापर्यंत गेली. अजून दहा, टॅम्सिन मनाशी म्हणाली. मग अजून दहा. मागे दोनशे माणसं चालत होती आणि दोनशे माणसांच्या पायांचा आवाज येत नव्हता.

एकशे अठ्ठावीस. आणि नाकाशी काच.

ती थांबली. वळली नाही. तिच्या श्वासाने काचेवर एक धुरकट वर्तुळ उमटलं. आत थॉर्नबीसाहेबांचा चमचा वाटीच्या वर थबकला होता.

"एकशे अठ्ठावीस," टॅम्सिन मोठ्याने म्हणाली. आकडा सांडू नये म्हणून पुन्हा म्हणाली. "एकशे अठ्ठावीस. एकशे अठ्ठावीस."

 टोपलीतला नाल कुलपावर किणकिणू लागला. एकशे अठ्ठावीस. साहेबांनी चमचा तोंडात घातला. एकशे अठ्ठावीस.

दाताळं गवतावर पडल्याचा आवाज झाला. सायलस पुढे आला होता. त्याने साहेबांकडे पाहिलं नाही; त्याने त्या पोरीच्या थरथरत्या दंडाकडे पाहिलं. मग खिडकीची मूठ फिरवली, आणि दोन्ही दारं सताड उघडली.

वसंताचा गार, ओला, मातीच्या वासाचा वारा आधी आत गेला. मग टॅम्सिन. एकशे एकोणतीस. तिच्या मागे पाद्रीबाबा, एबेल, लोहार, एका पायावर उड्या मारणारा बेकरचा धाकटा, काठ्या, शाली, चिखल, लेकुरवाळ्या बाया. त्या लुसलुशीत गालिच्यावर एल्डरकोमचा सगळा चिखल उमटला.

"हे काय चाललं आहे?" साहेब ओरडले.

"एकशे सदतीस," टॅम्सिन म्हणाली. "एकशे अडतीस." आणि ती टेबलाच्या कडेला, अगदी त्यांच्या खुर्चीशी येऊन ठेपली. "साहेब, उजवा पाय जरा बाजूला घ्याल का?"

माणसं कधीकधी कुणी नीट विचारलं म्हणूनच ऐकतात. साहेबांनी पाय घेतला.

एकशे एकोणचाळीस. एकशे चाळीस.

तिने टोपली खाली ठेवली नाही. टोपलीच तिच्या हातातून उतरली. "इथे," ती म्हणाली.

"इथे म्हणे!" थॉर्नबीसाहेब हसले, पण त्या हसण्याला आता बूड नव्हतं. "फरशीखाली काय होतं ते कोण सांगणार? ही पोरगी?"

"मी सांगतो, साहेब." सायलसने टोपी काढली. या वेळी ती हातात फिरवली नाही. "बरोबर इथेच होता. तुमच्या हुकमावरून मीच पहारीने उपटला. या डोक्यानं एकदा ओळखलेला दगड होता तो. पहार मारताना ओळखलं होतं. तेव्हा बोलायला हवं होतं."

 वाटीतल्या सूपवर साय धरू लागली. थॉर्नबीसाहेबांनी दोनशे चेहऱ्यांकडे पाहिलं आणि त्या चेहऱ्यांत एकही वळणारा चेहरा त्यांना दिसला नाही. मग पाद्रीबाबांकडे पाहिलं. पाद्रीबाबा त्यांच्याकडेच पाहत होते, शांतपणे, बुटांना चिखल लागलेला.

"शब्द दिला होता मी," साहेब शेवटी म्हणाले.  "कुंपण उद्या निघेल." आणि मग, नवल वाटून, "तुम्ही दर सात वर्षांनी माझ्या जेवणघरातून चालणार?"

"चालणार तर," केझाया आजी म्हणाली. "खिडकी आधीच उघडून ठेवत जा. वारा बरा येतो. आणि या माळ्याला कामावरून काढलंत, तर दर रविवारी येऊ."

हसू कुठूनतरी फुटलं आणि खोलीभर पसरलं. एबेल हसले नाहीत. ते गालिच्यावर गुडघे टेकून टॅम्सिनचा दंड चोळत होते. "शनिवारी बाजाराला जायचं नाही," ते तिच्या कानात म्हणाले. "ऐकलंस ना? जायचं नाही."

"आता मुलगा कोण?" पाद्रीबाबांनी विचारलं. "पाचव्या दगडाची आठवण कोण ठेवणार?"

"मी," टॅम्सिन म्हणाली.

"पण मुलींना आजवर..."

"टोपली मुलीनं उचलायची," केझाया आजी म्हणाली, "आणि आठवण मुलानं ठेवायची? वा रे न्याय!"

पाद्रीबाबांनी बाजूला सरकून जागा करून दिली. एबेलने लेकीचे घोटे धरले. जग उलटं झालं. छत खाली गेलं, गालिचा वर आला, दोनशे माणसं आभाळाला लटकली. एक. दोन. तीन. गालिच्याखालच्या लाकडी फरशीवर टाळूचा दबका टकटक आवाज झाला, एखाद्या दारावर व्हावा तसा. तिच्या केसांत अडकलेल्या ब्लॅकथॉर्नच्या पाकळ्या खाली पडल्या. गोड पाव उरला नव्हता, म्हणून केझाया आजीने साहेबांच्या टेबलावरचा एक पाव निमूटपणे उचलला आणि टॅम्सिनच्या हातात दिला.

ज्याने त्याने आपापली वस्तू टोपलीतून काढून घेतली. बेकरच्या धाकट्याने बूट चढवला. पलीकडची खिडकी उघडली, आणि समोर ते कुरण पसरलं, ओलं, कोवळं, उन्हात चकाकणारं, आणि त्याच्या मधोमध झऱ्याचं पाणी, कालच्या बर्फाचं. त्या पाण्यापलीकडे कुठेतरी सहावा दगड होता. डाव्या हाताला, थोड्या अंतरावर, एक फळी टाकलेली होती. लोक सवयीने फळीकडे वळू लागले.

"सहाव्यापर्यंत किती पावलं, आजी?" टॅम्सिनने विचारलं.

"ते कुणी मोजलंय? पाचव्याशी सगळ्या गावाला पाव वाटायचे, पुढच्या पोरांपुरते दोनच उरायचे. हलकी टोपली घेऊन पळत सुटायची मी."

टॅम्सिनने पाव दातांत धरला. टोपली पुन्हा कमरेवर घेतली. मनोरा पाठीशी घेतला, झाड नाकासमोर घेतलं. तिने फळीकडे पाहिलंही नाही. ती सरळ निघाली, सरळ उतारावरून, सरळ काठावरच्या लव्हाळ्यातून, आणि सरळ त्या बर्फाळ पाण्यात शिरली. पाणी घोट्याला आलं, पोटरीला आलं, खरचटलेल्या गुडघ्यांना झोंबलं. मागे फळीवर गेलेला एकेक पाय थांबला, आणि परत फिरला. एकामागून एक पाण्यात पाय पडू लागले. आणि सर्वांच्या पुढे, दातांत पाव, पायांत बर्फ, डोळ्यांत ऊन घेऊन ती चिमुरडी, कुणीही कधी न मोजलेली पावलं, पहिल्यापासून मोजत निघाली.